ढगाचा माग

श्रोतेहो, वैशाखातली दुपार डोळ्यांपुढे आणा. पुंडलिकनगरात गच्चीगच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण पसरले आहे. तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो आणि घरातली आजी म्हणते, "आवरा ग, हा येणार!" तिला हे कसे कळते? ढग मघाशी कोठे होता, केवढा होता, हे तिच्या ध्यानात असते. उपग्रहाच्या चित्रांवरून वादळी ढगाचा माग काढणारा संगणक हेच करतो.

२०१६ साली सोडलेला इन्सॅट-३डीआर आणि २०२४ सालचा इन्सॅट-३डीएस हे आपले उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्याकडे पाहतात. रात्री उजेड नसतो; तेव्हा ते ढगातून निघणारी उष्णता मोजतात. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड. खाली आपण घामाघूम झालेले असताना गारांच्या ढगाचा माथा उणे ५० अंशांखालीही गेलेला असतो!

ब्राझीलमध्ये तयार झालेली 'फोरट्रॅक' नावाची पद्धत आपल्याकडेही वापरून पाहिली गेली आहे. तिच्यात उणे ३८ अंशांहून थंड भाग तेवढा वेगळा काढतात. मग पतंगाचे दोन पातळ कागद एकावर एक धरावेत, तसे लागोपाठचे दोन चित्रांतले डाग जुळवायचे. जे एकमेकांवर पुरेसे येतात, तो एकच ढग. अर्ध्या तासात तो २० किलोमीटर सरकला, तर पुढच्या अर्ध्या तासात कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो. डाग झपाट्याने पसरत असेल, तर ढग अजून जोर धरतो आहे असे समजावे.

मात्र अडचणीही आहेत. दोन ढग एक होतात, एकाचे दोन होतात. काही ढग दोन चित्रांच्या मधल्या वेळातच उठून बरसून जातात. शिवाय उपग्रहाला माथा दिसतो, पोटातला पाऊस नव्हे. त्यासाठी जमिनीवरचे रडार हवे.

वाळवण भिजले तर पुन्हा घालता येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाड्यातली झोडपलेली उभी पिके मात्र पुन्हा उभी राहिली नाहीत. आणि झाडाखाली आडोशाला थांबलेल्या माणसावर वीज पडली, तर काहीच परत येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन आसपास २० व ४० किलोमीटरच्या टापूतील विजांची सूचना देते. शेतावर असलेल्या आपल्या भावाला ती फोन करून सांगा. संगणकाने मिळवून दिलेला अर्धा तास त्याच्या कानी वेळेत पडला, तरच उपयोगाचा.