जुन्या इंजिनातील टायमिंग चेन : केव्हा बदलावी?

गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि येथील नव्या वाहनांवर 'एम.एच. ३५' ही अक्षरे दिसू लागली. तथापि 'एम.एच. ३६' हा भंडाऱ्याचा क्रमांक धारण करणारी एखादी जुनी मोटार या परिसरात आजही अधूनमधून दृष्टीस पडते. नवी मोटार घेणे ज्यांना परवडत नाही असे शिक्षक, धानाचे शेतकरी व लहान व्यापारी वापरलेली मोटार विकत घेतात आणि ती शक्य तितकी वर्षे चालवितात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या पोटातील काही भाग असे असतात की, त्यांची झीज बाहेरून दिसत नाही आणि दिसू लागते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. टायमिंग चेन हा अशांपैकी एक भाग होय.

या साखळीचे काम समजून घेतल्याखेरीज ती केव्हा बदलावी या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. इंजिनातील पिस्टन वरखाली होतात व क्रँकशाफ्ट फिरवितात. हवा व इंधन आत घेणाऱ्या आणि जळालेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून कॅमशाफ्टने बरोबर निम्म्या गतीने फिरले पाहिजे. हा मेळ राखण्यासाठी दोन दातेरी चाके आणि त्यांवरून फिरणारी साखळी वापरतात. कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. सायकलच्या साखळीशी तिचे नाते सख्ख्या बहिणीचे आहे. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे ज्या प्रकारची साखळी सिद्ध केली, त्याच घराण्यातील या दोघी.

साखळी 'ताणली गेली' असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक पोलाद रबराप्रमाणे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक कडीत एक खिळा व त्याभोवती एक नळी असते. ही दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात. एका कडीची झीज केसाएवढीही नसते, पण कड्या पन्नासच्या आसपास असल्या म्हणजे ती सर्व झीज एकत्र होऊन साखळीची लांबी वाढते. हे घासणे किती वेळा घडते याचा हिशेब उद्बोधक आहे. पन्नास कड्यांची साखळी व वीस दात्यांचे लहान चाक धरले, आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असले, तर साखळी मिनिटाला १,२०० वेळा, म्हणजे तासाला ७२,००० वेळा स्वतःभोवती फिरते. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने ८०,००० किलोमीटर धावलेल्या मोटारीत इंजिन २,००० तास चाललेले असते. याच गतीने मोजल्यास तोवर साखळीचे १४ कोटी ४० लाख फेरे झालेले असतात.

लांबी वाढल्याचा परिणाम काय होतो? क्रँकशाफ्टचे चाक साखळीच्या ताठ बाजूने कॅमशाफ्टचे चाक ओढत असते. ही बाजू लांबली की कॅमशाफ्ट मागे पडू लागतो. कडीची लांबी ९.५२५ मिलिमीटर आणि कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते असे उदाहरण घेऊ. ताठ बाजूला तेरा कड्या असतील आणि झीज शेकडा एक इतकी झाली असेल, तर ती बाजू सुमारे सव्वा मिलिमीटरने लांबते. तेवढ्याने कॅमशाफ्ट एक अंशाहून किंचित अधिक, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मापाने सव्वादोन अंशांहून थोडा जास्त मागे पडतो. हा फरक चालकाच्या ध्यानात येणार नाही. पण ढिली साखळी चाकावरून एक दाता घसरली, तर हाच फरक क्रँकशाफ्टवर एकदम १८ अंशांचा होतो. झीज हळूहळू वाढते आणि दाता मात्र क्षणात सुटतो, हे या दुखण्याचे खरे स्वरूप आहे.

महाराष्ट्रात जी जुनी इंजिने प्रचलित होती त्यांचा विचार येथे करणे उचित ठरेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही मोटार १९६४ पासून तयार होत असे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी परिचित झाली. तिचे उत्पादन २००० साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पद्मिनीच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ठोकळ्यात असून तो साखळीने फिरतो. एकेकाळी प्रत्येक शासकीय कचेरीच्या आवारात उभ्या दिसणाऱ्या ॲम्बेसेडरच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनाची रचनाही अशीच. याउलट मारुती ८०० मध्ये साखळी नसून रबरी पट्टा असे. पट्टा ठराविक अंतरानंतर बदलावा असे त्या मोटारीची पुस्तिकाच सांगते. साखळीच्या बाबतीत बहुतेक पुस्तिका मौन पाळतात आणि त्यामुळेच साखळी जन्मभर टिकते असा समज दृढ झाला आहे.

या समजाचा फटका अलीकडच्या एका इंजिनाला विशेष बसला. फियाटने विकसित केलेले १,२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होत असे व टाटांच्या काही मोटारींतही बसविले जाई. मारुतीने हेच इंजिन २००७ पासून स्विफ्टमध्ये वापरले आणि १ एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी विकणे बंद केले. या इंजिनांच्या मोटारी आज वापरलेल्या मोटारींच्या बाजारात स्वस्तात मिळतात व लोकप्रियही आहेत. त्यांत झडपांची वेळ साखळीच सांभाळते. मात्र येथे दोन कॅमशाफ्ट वर, झडपांच्या डोक्यावर आहेत आणि पिस्टन व झडपा यांमधील अंतर फार थोडे आहे. साखळी घसरली वा तुटली तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. मग झडपा वाकतात, त्यांना दाबणारे रॉकर मोडतात आणि हजारांत भागणारे काम मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. पद्मिनी व ॲम्बेसेडर यांच्या जुन्या धाटणीच्या इंजिनांत एवढा विध्वंस सहसा होत नाही. इंजिन जागच्या जागी बंद पडते इतकेच. पण सालेकसा किंवा देवरीकडून रात्री रुग्णाला घेऊन गोंदियाच्या रुग्णालयाकडे निघालेली मोटार जंगलातील रस्त्यावर बंद पडली, तर 'इतकेच' हा शब्द वापरणे धाडसाचे होईल.

साखळीची झीज अंतरापेक्षा ऑइलवर अधिक अवलंबून असते. खिळा व नळी यांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो तोवर धातू धातूला जवळजवळ स्पर्शच करीत नाही. ऑइलची पातळी खाली गेली, किंवा ते जुने होऊन त्यात काजळी साठली, की हा थर दुबळा होतो. डिझेल इंजिनात काजळी अधिक असते व ती बारीक पॉलिश-भुकटीप्रमाणे काम करते. गोंदिया परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे. हा धानाचा आणि राईस मिलचा मुलूख आहे. धानाचे तूस जाळल्यास वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते व त्या राखेतील बहुतांश भाग सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचा असतो. मळणीच्या दिवसांत हवेत उडणारी तुसाची धूळ आणि रस्त्यांवरील माती फाटक्या एअर फिल्टरमधून किंवा त्याच्या सैल नळीतून इंजिनात शिरली, तर ती अखेर ऑइलमध्ये उतरते. साखळीच्या दृष्टीने हे खिळ्यांना पॉलिश-कागद लावण्यासारखेच झाले. म्हणून एअर फिल्टरची काळजी ही साखळीचीच काळजी होय, ही गोष्ट मोटारधारकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

कार्यालयांत भाड्याने घेतल्या जाणाऱ्या वाहनांबाबत एक मुद्दा येथेच नमूद करावयास हरकत नाही. १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाल्याने स्वतःच्या जुन्या जीपगाड्या कचेऱ्यांतून गेल्या व भाड्याच्या वाहनांवरील भिस्त वाढली. अशा वाहनाच्या लॉगबुकात किलोमीटर लिहिले जातात. परंतु बैठक संपेपर्यंत आवारात इंजिन चालू ठेवून, वातानुकूलन यंत्र सुरू ठेवून उभ्या राहिलेल्या वाहनाचे किलोमीटर वाढत नाहीत, साखळी मात्र फिरतच असते. ज्या वाहनाला असे तासन्‌तास उभे राहावे लागते त्याचे ऑइल पुस्तिकेतील अंतरापूर्वीच बदलणे शहाणपणाचे ठरते. खासगी मोटारीची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांसाठी नूतन करावी लागते. त्या वेळच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर इत्यादी गोष्टी पाहिल्या जातात. इंजिन उघडून साखळी कोणी पाहत नाही. तेव्हा नूतनीकरण झाले म्हणजे साखळीही ठीक आहे, असा अर्थ काढू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिली खूण कानाला मिळते. सकाळी थंड इंजिन सुरू करताच पुढील बाजूच्या झाकणामागून दोन-चार सेकंद खडखडाट येतो व ऑइलचा दाब चढताच थांबतो. साखळी ताठ ठेवणारा टेन्शनर अनेक इंजिनांत ऑइलच्या दाबाने चालतो. दाब येईपर्यंत ढिली साखळी झाकणावर वा पट्टीवर आपटते, तो हा आवाज. क्वचित ऐकू येणारा असा आवाज दोष टेन्शनरचा असल्याचेही सुचवितो. परंतु तो रोजचा झाला, किंवा गरम इंजिनातही येऊ लागला, तर इंजिन उघडण्याचा दिवस लांबवू नये. दुसरी खूण म्हणजे कमी गतीत ताकद घटणे. झडपा उशिरा मिटल्याने चढावर मोटार मरगळल्यासारखी वागते, गती वाढविली की सुधारते.

पद्मिनी व ॲम्बेसेडर यांच्या बाबतीत एक फसगत वारंवार घडते. त्यांतील डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरूनच फिरत असल्याने साखळी लांबली की ठिणगीही उशिरा पडते. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ठिणगी पूर्ववत करतो, मोटार सुधारल्यासारखी वाटते आणि मालक समाधानाने घरी जातो. ठिणगी सुधारली, पण झडपा मागेच राहिल्या. एखाद्या मोटारीत ठिणगीची वेळ वर्षातून दोनतीनदा जुळवावी लागत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरला दोष देण्यापूर्वी साखळी तपासणे अगत्याचे आहे.

ही तपासणी इंजिन न उघडताही करता येते. बॅटरीची तार सोडवून डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे. क्रँकशाफ्टच्या पुलीवरील मोठ्या नटाला पाना लावून ती फिरण्याच्या नेहमीच्या दिशेने पिस्टन माथ्यावर येईपर्यंत फिरवावी व पुलीवर खडूने खूण करावी. नंतर ती सावकाश उलट फिरवावी आणि एका माणसाने रोटरकडे डोळे लावून बसावे. रोटर हलू लागेपर्यंत पुली जितके अंश फिरली तितका ढिलेपणा समजावा. डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरमधील थोडी मोकळीकही यात मिसळलेली असते, म्हणून दोन-तीन अंशांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ढिलेपणा पाच-सहा अंशांपलीकडे गेला तर साखळी बदलण्याची तयारी करावी आणि दहाच्या घरात असेल तर मोटार लांबच्या प्रवासाला काढू नये. जोरकस टेन्शनर असलेल्या इंजिनात मात्र ही रीत विश्वसनीय नाही. तेथे झाकण काढून टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते पाहावे लागते. तो शेवटापर्यंत आलेला असल्यास साखळी सांभाळण्याची त्याची क्षमता संपली, असे समजावे. नव्या पद्धतीच्या इंजिनांत निदान-यंत्र जोडल्यास कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांचा मेळ बिघडल्याचा 'पी ००१६' हा संकेतांकही कधी कधी आढळतो. तो पुसून टाकून मोटार परत देणे हा उपचार नव्हे.

किलोमीटरचा एकच आकडा सर्व इंजिनांना लागू पडत नाही. तरीही जुन्या, तळाशी कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनांत ऐंशी हजार किलोमीटरनंतर दरवर्षी वरील तपासणी करणे इष्ट होय. वापरलेली डिझेल मोटार घेताना ऑइल बदलल्याच्या पावत्या मिळत नसतील, तर किमतीची बोलणी करतानाच साखळीचा खर्च धरून ठेवावा. तसेच अन्य कारणाने इंजिनाचे पुढील झाकण उघडलेच असेल, तर त्याच वेळी साखळी पाहून घेण्यात मजुरीची बचत आहे.

साखळी एकटी बदलणे ही खोटी काटकसर ठरते. झिजलेल्या चाकाचे दाते एका बाजूला आकड्यासारखे वाकडे झालेले असतात व ते नव्या साखळीला लवकर खातात. म्हणून दोन्ही चाके, टेन्शनर, साखळीच्या पट्ट्या, पुढील ऑइल सील आणि पॅकिंग ही सर्व सामग्री एकाच वेळी घालावी. जुन्या इंजिनांत चाकांवरील खुणा जुळवून साखळी चढवितात. उपरोक्त डिझेल इंजिनात दोन्ही प्रकारचे शाफ्ट जागीच पक्के धरणारी खास हत्यारे लागतात. ती ज्या कारखान्यात नाहीत तेथे अंदाजाने काम करून घेऊ नये. साखळी चढविल्यावर इंजिन स्टार्टरने सुरू करण्याआधी हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. कोठे अडले तर तेथेच थांबावे.

मिस्त्रीने काढलेली साखळी मालकाने मागून घ्यावी आणि नवी बसविण्यापूर्वी दोन्ही साखळ्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगाव्यात. पन्नास कड्यांच्या वरील उदाहरणात शेकडा एक झीज झाली असेल तर एकूण लांबी पावणेपाच मिलिमीटरने वाढलेली असते, आणि साखळी वळ्याच्या रूपात दुहेरी लोंबत असल्याने जुनी साखळी नव्या साखळीपेक्षा सुमारे २.४ मिलिमीटर खाली आलेली दिसते.