पटकथेआधी उभे राहिलेले सेट

डेव्हिड फिंचरचा ‘एलियन 3’ 1992 च्या मे महिन्यात पडद्यावर आला आणि आधीच्या दोन भागांवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांचा हिरमोड झाला. याचं कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं: नवखा पण हुशार दिग्दर्शक आणि त्याचे हात बांधून ठेवणारा स्टुडिओ. त्यात तथ्य आहे; पुढे फिंचरने या चित्रपटाकडे पाठच फिरवली. तरीही मला हे उत्तर अपुरं वाटतं. फिंचर येण्याआधीच कामाचा क्रम उलटा झाला होता. गोष्ट ठरायच्या आत सेट उभे राहिले होते, आणि मग त्या सेटांत मावेल अशी गोष्ट शोधावी लागली.

पटकथेसाठी विल्यम गिब्सन झाला, एरिक रेड झाला, डेव्हिड टूही झाला. दिग्दर्शक म्हणून आलेला रेनी हार्लिन कंटाळून निघून गेला. त्यानंतर न्यूझीलंडच्या व्हिन्सेंट वॉर्डने लाकडाचा ग्रह आणि त्यावर मठ करून राहणारे संन्यासी अशी विलक्षण कल्पना मांडली. तिच्यासाठी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत बांधकाम सुरू झालं, आणि मग वॉर्डही गेला. निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गाइलर यांनी त्याच्या मठाची सांगड टूहीच्या तुरुंग-ग्रहाशी घातली. पडद्यावरचे कैदी धर्माला लागलेले का आहेत, याचं उत्तर या जोडकामात आहे. जाहिरातीचं तर वेगळंच. 1991 च्या टीझरने मालिकेतला परग्रहावरचा हिंस्र प्राणी पृथ्वीवर येणार असं सुचवलं होतं. चित्रपट मात्र फ्युरी 161 नावाच्या तुरुंगात घडतो. जानेवारी 1991 मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या फिंचरने कॅमेरा सुरू केला तेव्हाही पटकथा पुरी झालेली नव्हती.

अपुऱ्या पटकथेचा फटका कुठे बसतो, हे त्या प्राण्याच्या दृश्यांत दिसतं. तो भिंतींवरून, छतावरून धावायला हवा होता; पोशाख घातलेल्या माणसाला ते जमणारं नव्हतं. म्हणून खऱ्या आकाराच्या साधारण एक तृतीयांश, काठ्यांनी चालवायची बाहुली केली. ती निळ्या पडद्यापुढे चित्रित करायची, काठ्या पुसायच्या आणि बोगद्याच्या दृश्यात तिला बसवायचं. दोन्हीकडे कॅमेऱ्याची चाल आणि प्रकाश जुळला पाहिजे. म्हणजे बोगदा चित्रित करतानाच, प्राणी कुठून येणार आणि कोणावर झेपावणार हे पक्कं हवं. प्राण्याभोवती दिसणारी हिरवट कड ही त्या काळच्या तंत्राची मर्यादा होती, तिचा दोष कोणाला देता येत नाही. पण शेवटच्या पाठलागात कोण कुठे आहे तेच कळत नाही, तो गोंधळ माझ्या मते तंत्राचा नाही. हा प्राणी जन्मतो कशातून, हेसुद्धा बदललं: आधी बैल होता, तो चित्रितही झाला, नंतर त्याच्या जागी कुत्रा आला.

यावर कोणी म्हणेल, भांडणं कुठे होत नाहीत? जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’चं, म्हणजे दुसऱ्या भागाचं, चित्रीकरणही पाइनवुडमध्येच झालं. तिथे ब्रिटिश कामगारांशी त्याचे खटके उडाले, छायालेखक बदलावा लागला, एक प्रमुख नट बदलावा लागला. तरी चित्रपट एकजीव राहिला, कारण पटकथा कॅमेरॉनची स्वतःची होती आणि ती हातात तयार होती. ‘एलियन 3’चा छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ आजारपणामुळे बाहेर पडला आणि अॅलेक्स थॉमसनने काम निभावून नेलं, असे आघात चित्रपट सोसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘कासाब्लांका’ची पटकथाही चित्रीकरण चालू असताना लिहिली जात होती. खरं आहे, पण तिथे सारा भार नटांच्या संवादांवर होता, आणि रात्री बदललेला संवाद सकाळी बोलता येतो. महिनोन्‌महिने बांधलेला सेट आणि प्रयोगशाळेत जोडायचं दृश्य असं रात्रीत बदलत नाही.

2003 मध्ये डीव्हीडीवर सुमारे अर्ध्या तासाने लांब प्रत आली, तेव्हा अनेकांना वाटलं की फिंचरचा खरा चित्रपट सापडला. त्या प्रतीत कैदी प्राण्याला पकडून कोंडतात आणि गॉलिक नावाचा वेडसर कैदी त्याला सोडून देतो. चित्रपटगृहातल्या प्रतीतून हा सारा भाग गेल्यामुळे गॉलिक मध्येच कुठे नाहीसा झाला ते समजत नव्हतं. ही प्रत नक्कीच सरस आहे, आणि कात्री किती बेपर्वाईने चालली याचा पुरावाही आहे. पण ती जुन्या संकलनावरून जुळवलेली आहे आणि फिंचरने तिच्यात भाग घ्यायला नकार दिला होता. शेवटही दोन्हींत एक नाही: चित्रपटगृहातल्या प्रतीत भट्टीत कोसळताना नायिका रिप्लीच्या छातीतून त्या प्राण्याचं पिल्लू बाहेर येतं, लांब प्रतीत येत नाही. रिप्लीच्या मरणासारखी कळीची गोष्टही पटकथेत आधी पक्की झाली नव्हती, आणि तिची दुरुस्ती नव्या संकलनाने होणारी नव्हती.