ठाणे खाडी : एक भौगोलिक अभ्यास

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील पूर्णा व कयाधू या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. त्यामुळे शिरड शहापूर परिसरातील विद्यार्थ्याने खाडी क्वचितच पाहिलेली असते. 'खाडी म्हणजे नदीचे रुंद मुख' एवढीच व्याख्या तो पाठ करतो. ठाणे खाडीच्या बाबतीत ही व्याख्या अपुरी पडते. तिची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

स्थान व स्वरूप :
साष्टी बेट व मुख्य भूमी यांच्या दरम्यान ही खाडी सुमारे 26 कि.मी. पसरलेली आहे. उत्तरेस ठाण्याजवळ ती एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली असून दक्षिणेस रुंदावत मुंबई बंदरास मिळते. पावसाळा वगळता तिला गोड्या पाण्याचा पुरवठा अल्प असतो. म्हणजेच वर्षातील बहुतांश काळ ती समुद्राचाच एक फाटा असते.

भरती-ओहोटी व गाळ :
येथे दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाच्या वेळी पातळीतील फरक सुमारे 5 मीटरपर्यंत जातो. शिरोभागाकडे प्रवाहाचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. ओहोटीला विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. तिवरांची मुळे हा गाळ धरून ठेवतात, तर चिखलातील सूक्ष्म शैवालावर रोहित पक्षी जगतात. 2015 मध्ये येथील 1690 हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले; 2022 मध्ये खाडीस रामसर दर्जा मिळाला.

तुलनात्मक विचार :
ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य किनाऱ्यावरील पील-हार्वे ही अशीच उथळ खाडी होय. मात्र तेथे भरती अत्यल्प असल्याने शेतीतून आलेले स्फुरद साचले व शेवाळ माजले. उपाय म्हणून 1994 मध्ये डॉसव्हिल येथे समुद्रापर्यंत नवा कालवा खोदण्यात आला. तेथे पाण्यासाठी मुद्दाम वाट उघडावी लागली. ठाणे खाडीस मोठी भरती निसर्गतःच लाभली आहे. परंतु काठावर भराव पडला की भरतीचे पाणी सामावण्याची जागा घटते, परतणारा प्रवाह क्षीण होतो आणि गाळ व सांडपाणी आतच रेंगाळते.

निष्कर्ष :
खाडीकाठची दलदल ही पडीक जमीन नसून खाडीच्या श्वसनाची जागा आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. परंतु केवळ झाडे राखणे पुरेसे नाही. पाण्याची ये-जा अबाधित राहिली तरच खाडी टिकेल. भूगोलाच्या अध्यापनात खाडीची व्याख्या याच गतीच्या आधारे मांडली जावी.