तर्षणदाब आणि बहुवारिकांचा रेणुभार

मुंबई-गोवा मार्गावर नागोठणे मागे टाकून कोलाडकडे जाताना खांब हे गाव लागते. नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पात पॉलिएथिलीन तयार होते. त्याचा रेणुभार किती, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर नाही; कारण त्यातील साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. सांगता येते ती केवळ सरासरी, आणि ती कोणती, हे मापनाच्या रीतीवर अवलंबून असते.

‘तर्षण’ ही संज्ञा तहानेच्या वाचक ‘तृष्’ धातूपासून आली. अर्धपार्य पटलातून विद्रावक विद्रावाकडे ओढला जातो, या क्रियेस ती ‘परासरण’ या पर्यायापेक्षा अधिक अर्थवाही आहे, असे मला वाटते. हे ओढणे थोपविण्यास लागणारा दाब विरल विद्रावात रेणूंच्या आकारावर नव्हे, संख्येवर ठरतो. व्हान्ट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या नियमाचा वाटा होता.

लिटरमध्ये १० ग्रॅम पदार्थ व रेणुभार १,००,००० असता २७° सेल्सियसला हा दाब सुमारे २५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. त्याच विद्रावाच्या गोठणबिंदूतील घट अंशाच्या सहस्रांशाहूनही कमी असते. म्हणूनच या रीतीचे महत्त्व. मात्र विद्राव आदर्श नसतो. यास्तव निरनिराळ्या संहतींना दाब मोजून, दाबास संहतीने भागून, आलेख शून्य संहतीपर्यंत वाढवावा लागतो. तेथील भागाकाराने वायुस्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकारास भागले की रेणुभार मिळतो. पॉलिएथिलीन थंड विद्रावकात विरघळत नाही. झायलिनसारख्या द्रवात १००° सेल्सियसच्या आसपास तापवून हे सारे करावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. लाख रेणुभाराच्या नमुन्यात वजनाने केवळ १ टक्का तुकडे हजार रेणुभाराचे असले, तर संख्येने ते मोठ्या साखळ्यांच्या बरोबरीस येतात आणि सरासरी सुमारे ५०,००० वर उतरते. परंतु एवढे लहान तुकडे पटलातून पलीकडे निसटतात. ते सर्व निसटले, तर उपकरण लाखच दाखविते. म्हणजे उत्तर दुप्पट चुकते, आणि आलेख मात्र निर्दोष दिसतो! संशोधकाने याकरिता अंतिम आकड्यावर विसंबू नये. स्तंभ चढून स्थिर न राहता हळूहळू उतरू लागला, तर पटल गळते आहे असे समजावे. शक्य तेव्हा अधिक सूक्ष्म छिद्रांचे पटल घेऊन तोच नमुना पुन्हा मोजावा.