शैक्षणिक कर्ज: हप्ता सुरू होण्याआधीची वर्षे

आजचा विषय शैक्षणिक कर्ज. कर्ज मिळवण्यासाठी आपण खूप धावपळ करतो, पण मिळाल्यावर पाच वर्षे फाइल उघडत नाही. माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

आधी प्रकार पाहू. पहिला, सरकारी बँकांचे कर्ज. ते इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर चालते. साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर घर, जमीन किंवा ठेव तारण मागतात. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. दुसरा प्रकार पीएम-विद्यालक्ष्मी. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरते. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत चालू नसावी. दिल्ली सरकारनेही २०१५ मध्ये दिल्लीतून शिकलेल्या मुलांसाठी १० लाखांपर्यंतची हमी योजना आणली होती. तिसरा प्रकार खासगी वित्त कंपन्यांचा. तिथे काम लवकर होते, पण व्याजदर बहुधा जास्त असतो आणि शिक्षण चालू असतानाच व्याज भरावे लागू शकते.

आता सवलतीचा काळ, म्हणजे मोरेटोरियम. बँकेत तो साधारणपणे अभ्यासक्रमाची वर्षे अधिक एक वर्ष असतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हिशेब करू. चार वर्षांत दरवर्षी दीड लाख उचलले, दर १० टक्के, साधे व्याज. पाच वर्षांत व्याज होते २ लाख १० हजार. म्हणजे कर्ज घेतले ६ लाख आणि परतफेड सुरू होते ८ लाख १० हजारांवर. दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो. व्याज वेळच्या वेळी भरले असते, तर तो सुमारे ७,९०० आला असता. पहिल्या वर्षी हे व्याज महिना फक्त १,२५० रुपये असते. शिवाय असे व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात १ टक्का सूट देतात. शाखेत विचारा.

मी नोएडात राहतो. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सुभेदारांच्या मुलीने कर्जाच्या अर्जात कॉलेजचा ईमेल दिला होता. शिक्षण संपले आणि तो ईमेल बंद झाला. मोबाइल नंबरही बदलला. नोकरी लागायला वेळ लागला, तोवर हप्ते सुरू झाले होते. घरी कुणाला पत्ताच नाही. सुभेदारसाहेब घरकर्जासाठी गेले, तेव्हा त्यांचा सिबिल स्कोअर घसरल्याचे कळले. सहकर्जदार म्हणजे निव्वळ सहीचा साक्षीदार नव्हे. थकबाकी त्याच्याही नावावर चढते.

अमेरिकेत सरकारी विद्यार्थी कर्जाचे हप्ते आणि पत्रव्यवहार सांभाळायला सर्व्हिसर नावाची वेगळी कंपनी असते. आपल्याकडे ते काम बँकेची शाखाच करते. म्हणून शाखेशी संबंध आपणच ठेवायचा. दर सहा महिन्यांनी खात्याचा उतारा घ्या. पत्ता, फोन, ईमेल बदलला की लगेच लेखी कळवा. नोकरी लागली नाही किंवा सुटली, तर हप्ता चुकण्याआधी अर्ज द्या. हप्ते पुढे ढकलण्याची किंवा मुदत वाढवण्याची वाट तेव्हा मोकळी असते. ९० दिवस थकले की खाते एनपीए होते आणि तीच गोष्ट अवघड होऊन बसते.

फौजेत तोंडी निरोपावर शस्त्रागाराचे कुलूप उघडत नाही. बँकेतही तोंडी आश्वासनावर विसंबू नका, अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही.

शेवटी दोन फायदे. जुन्या करप्रणालीत भरलेल्या संपूर्ण व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. आणि १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत तारणाची कागदपत्रे परत मिळायला हवीत. उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एवढेच करा: मुलांच्या कर्जाची फाइल काढा आणि बँकेकडे कोणता फोन नंबर, कोणता ईमेल नोंदला आहे ते तपासा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.