ताबा आणि जाणीव

अशी कल्पना करा : गंधवानीहून कुक्षीस निघालेल्या प्रवाशाच्या हाती ओळखीचा कोणी एक पोते देतो व म्हणतो, ‘एवढे तेथे पोचते करा.’ वाटेत झडती होते आणि पोत्यात डोडाचुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुगा, निघतो. हा प्रवासी गुन्हेगार ठरेल काय?

माळव्यास अफू नवी नाही. मंदसौर, नीमच व रतलाम जिल्ह्यांत परवान्याने तिची लागवड होते; मात्र परवान्यावाचून ती बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा वजनावर ठरते. अफू २५ ग्रॅमहून कमी असल्यास कैद एक वर्षापर्यंत. अडीच किलोहून अधिक असल्यास किमान दहा वर्षे. डोडाचुऱ्याची वरची मर्यादा ५० किलोची आहे. म्हणून वजन व रासायनिक तपासणी यांकडे बचावाने प्रथम पाहावे.

एरव्ही आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथे ताबा सिद्ध झाला की जाणीव गृहीत धरली जाते व ती नव्हती हे आरोपीस दाखवावे लागते. तथापि मूळ ताबा प्रथम सरकारनेच निःसंशय सिद्ध करावयाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. तेव्हा पोते कोणी दिले, कोणी पाहिले, तिकीट कोठले होते, या बारीक गोष्टींना मोल येते.

दुसरा बचाव कार्यपद्धतीचा. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीस सांगितलाच पाहिजे, हे २०१० च्या घटनापीठाने ठरविले. मात्र हा नियम अंगझडतीपुरताच आहे. पोत्यास तो लागू नाही. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घेतले काय, मोहोर शाबूत होती काय, हेही विचारावे. तपासी अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही, असा २०२० चा निर्णय आहे.

अटक झाल्यास कारण विचारावे, न वाचता सही करू नये, वकील मागावा. कोठडीतील व्यक्तीस, तसेच अनुसूचित जमातींतील प्रत्येकास, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. आणि आपल्या त्या प्रवाशाने पोते हाती घेण्यापूर्वीच उघडून पाहिले असते, तर यातील एकाही बचावाची गरज पडली नसती.