पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातली जमीन हादरली. धक्का ४.५ रिश्टरचा होता. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा बसला. हिंगोली, नांदेड, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत मांडणीवरची भांडी वाजली आणि माणसे अंगणात आली. जीवितहानी झाली नाही. त्याच दिवशी प्रशासनाने लोकांना आवाहन केले की, पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी घरावर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते काढून घ्यावेत.

आवाहन योग्यच होते. भूकंपात असा दगड घरंगळून खाली झोपलेल्या माणसावर पडू शकतो. मी अनेक वर्षे महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहिले आहे. पुढच्या रविवारी दहा-बारा मुले घेऊन मी कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी दगड उतरवायला गेलो. पहिल्याच घरातल्या आजीने विचारले, “दगडं काढा खुशाल लेकरांनो, पण वावधान सुटलं तर पत्रं कोण धरणार?”

मुलांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे उत्तर नव्हते. श्रमदानाने घर बांधणे किंवा दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, याचा शोध मी त्या प्रश्नापासून सुरू केला.

आधी घर समजून घेऊ. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दीड-दोन हात जाडीची दगड-मातीची भिंत, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. भिंत जाड दिसते, पण ती एकसंध नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये चिपा-माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसतोच. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती ढासळते. मग वरचे माळवद खाली येते. हिंगोलीच्या खेड्यांत आता अनेक ठिकाणी माळवद जाऊन पत्रे आले आहेत. छपराचे ओझे कमी झाले, पण भिंत तीच राहिली.

या भिंतीची किंमत आपण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मोजली. जवळपास आठ हजार माणसे गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना आठवते. त्याच पुनर्वसनात याहून मोठे, पण कमी बोलले गेलेले काम झाले, ते दुरुस्तीचे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातून तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरे दुरुस्त किंवा मजबूत करण्याची योजना राबवली गेली. पैसे घरमालकाच्या हाती आणि तांत्रिक सल्ला अभियंत्याचा, अशी ती पद्धत होती. लातूर-उस्मानाबादेत स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कसे मिळते, गवंड्याकडून काय करून घ्यायचे, हे त्या घरोघर समजावत.

तरीही पुष्कळ लोकांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडाखालून शेजाऱ्याची प्रेते काढली, त्याच दगडाच्या कुशीत कोण झोपेल? पण त्यामुळे दुरुस्तीची विद्या गावात रुजली नाही.

ती विद्या अवघड नाही. भारतीय मानक १३८२८ हे १९९३ सालचेच. त्यानुसार दगडी भिंतीत दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत तो नंतरही घालता येतो. पहारीचे घाव न घालता, हलक्या हाताने एकेक दगड सोडवत आरपार भोक करायचे, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस पाणी मारायचे. खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्यायचे. यात साहित्य थोडे आणि मनुष्यबळ पुष्कळ लागते. श्रमदानाला याहून योग्य काम सापडणार नाही.

आपल्याकडे श्रमदानाची परंपराही आहे. एकट्याच्याने न उरकणाऱ्या कामाला गाव बोलवायचे आणि मजुरीऐवजी जेवण घालायचे, ही इर्जिक. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, ही सावड. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, शिवाय सात दिवसांचे शिबिर. जगातही हे चालते. २००६ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या स्वयंसेवकांबरोबर घरे बांधायला आले होते. आठवडाभरात शंभर घरांचे काम उभे राहिले. नव्या घराचे छायाचित्र निघते, किल्ली देता येते. आरपार दगडाचे छायाचित्र निघत नाही, कारण तो भिंतीत दडलेला असतो.

या मोहाला मीही बळी पडलो आहे. फार वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही एका विधवा बाईच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. वर रंग दिला, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली. पावसाळ्यात पाणी वरच्या फटीतून आत उतरले. सिमेंटने ते बाहेर पडू दिले नाही. भिंत आतून भिजत राहिली आणि दिवाळीच्या सुमारास गिलाव्यासकट एक कोपरा बसला. बाई तेव्हा शेतात होत्या म्हणून वाचल्या. त्यांनी तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागले. मातीच्या भिंतीला माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा हवा, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही विचारलेच नव्हते.

म्हणून या वेळी आजीचा प्रश्न आम्ही घरी नेला. गवंडी आणि सुतार यांना विचारले, आणि दोन आठवड्यांनी परत गेलो. पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडायचे, खोलगट भागात पाडले की गळते. स्क्रूखाली रबरी वायसर हवा. पण पत्रा वाशाला घट्ट केला म्हणजे झाले असे नाही, कारण वारा वाशांसकट छप्पर उचलतो. म्हणून वासे जाड तारेने भिंतीत खाली पुरलेल्या सळईला बांधायचे. हे सगळे झाल्यावर शेवटी दगड उतरवायचे. आधी उतरवायचे नाहीत. एका घराला चार मुले आणि एक जाणता कारागीर दिवसभर पुरले. कारागिराला मजुरी दिली. कौशल्य फुकट मागू नये, असे माझे मत आहे.

सरकारी घरकुल आहेच. प्रधानमंत्री आवास योजनेत २०२४ साली सपाट प्रदेशात नव्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळत होती. ते हवेच. पण ती योजना नव्या घराची आहे. यादीत नाव येईपर्यंत माणूस ज्या भिंतीआड झोपतो, तिचे काय? श्रमदानाची जागा तिथे आहे.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. केंद्र कळमनुरी तालुक्यातच, रामेश्वर तांड्याजवळ होते. मी दुपारी गावात पोहोचलो. आजीचे घर उभे होते. शेजारची दगड न काढलेली घरेही उभी होती, म्हणजे आमच्या कामाने काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. मोठ्या धक्क्यात त्या भिंतीचे काय होईल, ही चिंता कायम आहे. आरपार दगडांचे काम अजून निम्मेही झालेले नाही.

पत्र्यावरून उतरवलेल्या दगडांचा आजीने दारापुढे ओटा केला होता. मला त्यावर बसवून ती म्हणाली, “मास्तर, उन्हाळ्यात वावधान आलं होतं. पत्रं हाललं नाही.” मग तिने शेजारच्या घराकडे बोट दाखवले. “आता तिचं कधी करता?”